विद्यार्थ्याला मुभा, प्राध्यापकाला नाही

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती पाडण्याचे ठरविले आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतिहास शिकण्याची मुभा कागदोपत्री मिळाली. तो शिकवायचा कोणी, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. अनुदानित महाविद्यालयांतील पदे विषयनिहाय कार्यभारावर मंजूर होतात. साहजिकच विद्यार्थ्याला हव्या असलेल्या विषयाऐवजी, ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी पडतो त्याचा विषय पुढे केला जाण्याची शक्यता अधिक.

दामोदर कोसंबी हे गणितज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत आणि प्राचीन नाण्यांचे वजन करून, त्यांच्या झिजेवरून कालक्रमाचा वेध घेत. पुढे १९५६ मधील त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकासाठी संबंधित वा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवीची अट घातली. या कसोटीवर इतिहासाच्या पदासाठी कोसंबींचा अर्ज छाननीतच बाद झाला असता! जानेवारी २०२५च्या मसुद्यात आयोगाने विषयाचे हे बंधन सैल करण्याचे सुचविले खरे. पण निवड समितीवरील तज्ज्ञ एकेका विषयाचेच असतात. दोन विषयांच्या सीमेवर काम करणारा तरुण संशोधक त्यांना आपला वाटणे कठीणच.