आधी एरियल बघा

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो हातात एक खोकं घेऊनच. "आण्णा, तुमच्या पद्मिनीसाठी. सात इंची स्क्रीन, गाणी, नकाशा, फोन, सगळं यात. तो जुना डबा काढून टाकू आता." पोराचं प्रेम खरं, त्यात शंका नाही. पण स्क्रीन गाडीजवळ धरून पाहिली आणि लक्षात आलं की ती बसवायची तर डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागणार. आमच्या जुन्या रेडिओला दोन बाजूंना दोन खुंट्या आणि मधे बोटभर उंचीची काच. त्या खोबणीत आजकालचं काहीच बसत नाही.

मी म्हटलं, "थांब जरा. चहा घे आधी." आमच्याकडे निर्णय पुढे ढकलायची ही जुनी रीत आहे.

गाडी १९७५ची. मी घेतली १९८९ साली, आमच्या दुधनीच्याच एका अडत व्यापाऱ्याकडून, जुनी. पद्मिनी म्हटलं की सगळ्यांना मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आठवतात. त्यांतली शेवटची ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती निवृत्त झाली. पण ही गाडी बनवणारी कंपनी १९४४ साली काढणारे शेठ वालचंद हिराचंद मूळचे आमच्या सोलापूरचे, हे आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनाही माहीत नसतं. शाळेत असताना मी ते दरवर्षी सांगायचो. अभ्यासक्रमात नव्हतं, तरी सांगायचो.

रेडिओ मात्र त्या काळी गाडीबरोबर फुकट मिळत नसे. हौस असेल त्याने वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायचा. वर पोस्टात जाऊन त्याचं लायसनही काढायचं. आमच्या गाडीतला सेट पहिल्या मालकाने नवी गाडी घेतली तेव्हाच बसवलेला. म्हणून मी त्याला मूळचाच धरतो. फक्त मीडियम वेव्ह, एकच स्पीकर, डाव्या मडगार्डवर ओढून लांब करायची एरियल. बास.

या डब्याशी माझं एक नातं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला घर हललं. भांडी पडली, आम्ही पोरंबाळं घेऊन रस्त्यावर. वीज गेलेली. कुठे काय झालंय कोणाला पत्ता नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर उमरगा तालुक्यातलं. ट्रान्झिस्टरचे सेल नेमके संपलेले. तेव्हा मी गाडीचं दार उघडलं, किल्ली फिरवली आणि रेडिओ लावला. उजाडता उजाडता गाडीभोवती तीसएक माणसं उभी होती. कोणी बोनेटला टेकलेलं, कोणी खिडकीत डोकं घालून. कन्नड बोलणारे आणि मराठी बोलणारे सगळे एकाच काट्याकडे बघत होते. किल्लारी, सास्तूर ही नावं आम्ही तिथे ऐकली. बहीण सुखरूप असल्याचं कळायला आणखी दोन दिवस लागले. पण जायचं कुठल्या रस्त्याने, हे त्या सकाळी त्या रेडिओमुळेच ठरलं.

असो. तर असा हा रेडिओ पुढे पुढे खरखर करू लागला. आधी लांबची केंद्रं गेली, मग जवळचीही पुसट झाली. शेवटी तर नुसता भाजणी भाजल्यासारखा आवाज. मी कारण शोधून ठेवलं होतं: "आकाशवाणीने पॉवर कमी केली." हे मी लग्नाकार्यात, एसटीत, कट्ट्यावर, जिथे विषय निघेल तिथे ठणकावून सांगत असे. वीसेक वर्षं सांगितलं! मास्तरांनी ठणकावून सांगितलं की लोक सहसा उलट विचारत नाहीत. हा आमच्या पेशाचा मोठा धोका आहे.

तर दिवाळीत चहा झाला आणि सेट काढायला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता मोबाईल करतो. त्याने स्क्रू काढायच्या आधी एक गोष्ट केली. एरियलचा प्लग मागून उपसला आणि मीटरभर साधी तार सॉकेटच्या मधल्या भोकात खोचून तिचं दुसरं टोक खिडकीबाहेर सोडलं. काटा फिरवला. स्वच्छ माणसाचा आवाज आला! पुतण्या बघतच राहिला. मीही.

विद्यार्थी म्हणाला, "सर, सेट ठणठणीत हाय. तुमची वायर सिग्नल खायलीय."

आणि मग मला आठवलं. १९९८च्या आसपास पोरांनी खेळताना एरियल वाकवली होती. मी नवी दांडी आणली, पण केबल आणायला सोलापूरला कोण जाणार? टीव्हीच्या केबलवाल्याकडे उरलेला तुकडा होता, तो फुकटात जोडून घेतला. जाड, काळी, मजबूत केबल. मला वाटलं, आधीच्या केसासारख्या तारेपेक्षा हे बरंच झालं. म्हणजे आकाशवाणीने काही केलं नव्हतं. जे केलं ते मीच केलं होतं आणि तेही सुधारणा म्हणून.

यातलं शास्त्र विद्यार्थ्याने मला समजावलं. मी बीए मराठीवाला, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. मीडियम वेव्हवर हजार किलोहर्ट्झला एका लाटेची लांबी ३०० मीटर. तिला नीट पकडायला पाव लाटेइतकी, म्हणजे ७५ मीटरची काठी हवी. एफएमची लाट ३ मीटरची, तिला ७५ सेंटिमीटरची काठी पुरते. गाडीवरची दांडी मीटरभरच असते. म्हणजे एफएमला ती बेताची आणि मीडियम वेव्हला अगदीच तोकडी. तिच्या हाती येतो तो सिग्नल इतका नाजूक की वाटेत कोणी वाटेकरी झाला की संपलं. प्रत्येक केबल थोडा वीजभार स्वतःत धरून ठेवते. टीव्हीच्या केबलची ही धारकता मीटरमागे ५० ते ६५ पिकोफॅरड आणि दांडीची स्वतःची जेमतेम १०-१५. शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल: विहिरीला पाणी थोडं आणि पाट वाळूचा असला तर पाटच पाणी पिऊन टाकतो, पिकापर्यंत काय जाणार? गाडीच्या खास एरियल केबलमध्ये आतली तार केसासारखी बारीक आणि भोवती बरीच हवा असते ती याचसाठी. मी ज्याला कमजोरी समजलो तीच तिची हुशारी होती.

मग दोन दिवस आम्ही तिघांनी मिळून काम केलं. गाडीची म्हणून मिळते ती केबल आणली. दांडी बसते तिथला गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, कारण एरियलचा बुंधा गाडीच्या अंगाला नीट टेकला नाही तर अर्थ मिळत नाही. मीटर लावून तीन गोष्टी तपासल्या. दांडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत जोड सलग हवी. पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात अजिबात जोड नको. आणि जाळीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत पुन्हा सलग हवी. नंतर दांडी पूर्ण ओढून, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एक पुसट केंद्र धरून, सेटवरचा ट्रिमरचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवला. एका जागी आवाज एकदम वर आला, तिथे सोडून दिला. हा स्क्रू एरियल आणि सेट यांचं जमवून देण्यासाठीच असतो. दांडी किंवा केबल बदलली की तो पुन्हा लावायचा असतो. पंचवीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

इंजिन सुरू केल्यावर मात्र टरटर ऐकू येऊ लागली, ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारी. ती प्लगच्या ठिणगीची. रेझिस्टन्सवाल्या प्लग-वायरी घातल्या आणि इग्निशन कॉइलच्या सप्लायच्या बाजूला एक कंडेन्सर लावला, बरीचशी गेली. सेटच्या आतले दोन सुकलेले कंडेन्सर बदलले, आवाजाला पुन्हा अंग आलं. आणि हो, सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेला स्वस्तातला मोबाईल चार्जर काढून टाकला. तो एकटा निम्मी खरखर करत होता! सगळा खर्च त्या स्क्रीनच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही.

आता माझं म्हणणं.

जुनी वस्तू चालेनाशी झाली की आपण सरळ ती वस्तूच बाद करतो. तिच्यापर्यंत काय पोचतंय हे बघत नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी वर्षभर ढ समजत होतो. डोळे तपासायच्या शिबिरात कळलं की त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा आला आणि पोरगा वर आला. तरी पुढे तीच चूक मी रेडिओच्या बाबतीत केली. तेव्हा पहिला नियम: डबा काढायच्या आधी एरियल बघा.

पुतण्याचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. तो म्हणाला, "आण्णा, एरियल सुधारली, पण उद्या मीडियम वेव्हच बंद झाली तर?" देशात मीडियम वेव्हचे बरेच लहान ट्रान्समीटर बंद झाले आहेत. भर एफएमवर आहे. २८ एप्रिल २०२३ला एकाच दिवशी शंभर वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, ते आमच्या सेटला ऐकूही येत नाहीत. तिकडे अमेरिकेत काही कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून मीडियम वेव्हचा रेडिओ काढूनच टाकला. विजेच्या मोटरचा गोंगाट त्यात शिरतो म्हणे. फोर्डनेही नव्या गाड्यांतून तो काढायचं ठरवलं होतं, पण संकटकाळी सरकारी सूचना पोचायला तोच लागतो अशी ओरड झाली आणि २०२३च्या मे महिन्यात त्यांनी तो ठेवायचं जाहीर केलं. मला त्यांना किल्लारीची सकाळ सांगावीशी वाटली.

तरीही पुतण्याचा प्रश्न उरतोच. म्हणून माझा दुसरा नियम: जे उलटवता येत नाही ते करू नका. सेटच्या आत, आवाजाच्या बटणाच्या मागे, एक छोटी ब्लूटूथची पट्टी बसवता येते. बाहेरून काही दिसत नाही, मोबाईलवरची गाणी त्याच जुन्या स्पीकरमधून वाजतात, आणि नको झालं तर दोन डाग काढले की रेडिओ पूर्ववत. मी त्याला होकार दिला आहे. फक्त त्याला "चार नवे स्पीकर लावू" म्हणायला बंदी आहे. जुन्या सेटला ज्या ओहमचा स्पीकर दिलेला असतो त्यापेक्षा कमी ओहमचे जोडले की आतले आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात आणि तसे आता सहज मिळत नाहीत. पत्रा कापायला मात्र ठाम नकार. कापलेला पत्रा परत येत नाही.

२०२१च्या जुलैपासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. रेडिओबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे रेडिओ जपायचा की नाही हे सरकार सांगणार नाही, ते आपलं आपणच ठरवायचं आहे.

भाऊबीज झाल्यावर रात्री आम्ही काका-पुतणे मैंदर्गीच्या रस्त्याला गाडी घेऊन गेलो. गावात घरोघरी एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, त्यांची खरखर असतेच. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना तुरी, आणि रेडिओ निवळत गेला. रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परतून दूरवर पोचते, त्यामुळे दिवसा न लागणारी केंद्रं लागतात. पुतण्या स्वतः काटा फिरवत होता, अगदी हळू, जसा फिरवायला हवा तसा. एक कन्नड आवाज आला, मग एक तेलुगू, मग कोणाचं तरी भजन. "हे कुठलं असेल आण्णा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, थांब, मधे नाव सांगतील. आणि आम्ही गाडी कडेला लावून ऐकत बसलो.

खोकं त्याने परत नेलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुन्या गाडीचा मुका रेडिओ असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मीटरभर तार सॉकेटमध्ये खोचून बघा. आणि काय झालं ते मला जरूर कळवा.