आधी पाणी, मग पाहुणा

"आई, मला घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आहे. त्यात मँटिस श्रिम्प ठेवायचा."

मागच्या दिवाळीत मी चकल्या तळत होते, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलाने हा फटाका फोडला. माझा झारा हातातच राहिला. सासूबाई तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहून रे बाबू, घरात माणसाले जागा नाही, अन् झिंग्याले महाल बांधतेस का?"

आम्ही सगळे हसलो. पण तो काही हसला नाही. तेव्हाच मला कळलं की हे खूळ एवढ्यात जाणार नाही.

तर हा मँटिस श्रिम्प म्हणजे कोण? नावात श्रिम्प असलं तरी तो आपला झिंगा नव्हे, झिंग्याचा लांबचा भाऊबंद. हात जोडल्यासारखे पुढचे पाय दुमडून बसणारा हिरवा किडा आपण शेतात पाहतो ना, तसेच याचे पाय. समुद्राच्या तळाशी बिळात राहतो. काही जाती भाल्यासारखा पाय खुपसून मासा पकडतात, तर काही ठोसा मारून शंख-खेकड्यांची कवचं फोडतात. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा ठोसा मोजला, तर त्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. १९९८ साली इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या सागरी मत्स्यालयात अशाच एकाने टाकीची काच फोडली होती. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं टायसन! याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी बारा प्रकारच्या, आपल्या तीन. पण गंमत अशी की २०१४ साली परीक्षा घेतली, तेव्हा जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चाच निघाला.

हे सगळं मुलाने इतकं रंगवून सांगितलं की मलाही कुतूहल वाटायला लागलं. तरी मी लगेच "हो" म्हटलं नाही. त्याला कारण आहे, आणि मैत्रिणींनो, ते सांगायला मला थोडी लाज वाटते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मी काचेचं गोल भांडं आणलं होतं. तळाला रंगीत खडे, आत दोन सोनेरी मासे. येणारी-जाणारी म्हणायची, "अय्या, किती छान!" आठ-दहा दिवसांत मासे मेले. मी नवे आणले. तेही मेले. तिसऱ्यांदा आणले. माशांचं आयुष्यच तेवढं असतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. खरं तर सोनेरी मासा नीट सांभाळला तर कित्येक वर्षं जगतो, वीतभर वाढतो. तेवढ्याशा भांड्यात तो स्वतःच्याच विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाने मेला होता. शोभेसाठी मी सहा जीव घालवले, आणि ते माझ्या गावीही नव्हतं.

म्हणून यावेळी मी अटी घातल्या. पहिली अट, हौस ज्याची, काम त्याचं. पाणी बदलणं, बादल्या धुणं, सांडलेलं पुसणं, सगळं त्याने करायचं. दुसरी अट, एक अख्खा उन्हाळा टाकी रिकाम्या पाण्यावर चालवून दाखवायची. ती टिकली, तरच पाहुणा घरात.

त्याने कबूल केलं. लहान जातीच्या एकट्या जीवासाठी साठ लिटरची टाकी ठरली. एकटाच, कारण सोबत्याला तो खाऊन टाकतो. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन, वर दगड-वाळूचं वेगळं. ते शोकेसवर पेलत नाही, म्हणून लोखंडी स्टँड करून घेतला. पैसे त्याने शिकवणीच्या कमाईतून घातले. ते माझ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त होते, ते ऐकून आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला!

मग सुरू झाली आमची शाळा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साठ लिटरला दोन किलोच्या वर. मी म्हटलं, घरात मीठ आहे की! पण जेवणातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं, त्यासाठी वेगळं तयार मीठ मिळतं. पाणी आरओचं घ्यायचं आणि खारटपणा हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास ठेवायचा. उन्हाने पाणी उडून गेलं की वरून खारं पाणी घालायचं नाही, गोडं घालायचं. हे मला पटकन समजलं. आमटी आटली की जास्त खारट होते, मीठ कुठे उडून जातं?

एक गोष्ट मात्र मला ठाऊकच नव्हती. मी कौतुकाने तांब्याच्या घागरीतलं पाणी ओतायला गेले, तर पोरगा ओरडलाच. आपण तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं म्हणतो, पण झिंगे-खेकड्यांच्या जातीला तांबं म्हणजे विष. पाण्यात अगदी थोडं उतरलं तरी ते मरतात. एकाचं अमृत ते दुसऱ्याचं विष, ते असं.

आणि सगळ्यात मोठा धडा विरजणाचा. टाकीत वाळू, दगड, पाणी भरलं म्हणजे ती तयार झाली असं नाही. दगडांच्या छिद्रांत जिवाणू वाढावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, म्हणजे बऱ्यापैकी निरुपद्रवी खत. याला चार ते सहा आठवडे लागतात. दूध कोमट करून लगेच "दही दे" म्हटलं तर कसं मिळेल? झिंग्याचा एक तुकडा आत कुजायला टाकून आम्ही संक्रांतीपर्यंत थांबलो, तेव्हा कुठे अमोनिया आणि नायट्राइटची तपासणी शून्यावर आली. दगडही कोरडे, विकत मिळणारे घेतले. समुद्रातली प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. ती उचलून आणणं गुन्हा आहे, हे कुणी दुकानदार आपणहून सांगत नाही. लपायला बीळ म्हणून प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा पुरतो.

मग आला आपला गोंदियाचा मे महिना. टाकीचं पाणी २४ ते २७ अंशांत राहायला हवं. एका दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही. पंखा बंद, पंप बंद, टाकीचा पारा ३३ वर. मुलगा पाण्याकडे बघत गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, आत कुणी नाही म्हणून बरं."

त्या एका वाक्याने मला माझी अट वसूल झाल्यासारखी वाटली.

आता त्याने बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला आहे, टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवली आहे. तरी पाहुणा अजून आलेला नाही. दुकानात मिळणारा मँटिस श्रिम्प बहुधा समुद्रातूनच पकडलेला असतो. इथून मुंबई रेल्वेने हजार किलोमीटरच्या घरात. तिथे १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर नुसता रस्ता ओलांडला की समुद्र होता. आपल्याकडे समुद्र बादलीत कालवायचा आहे. पुढचा उन्हाळाही पाणी २७ च्या आत राहिलं, तरच आणायचा, नाही तर टाकी गोड्या पाण्याची करायची, असं त्याने स्वतःच ठरवलं.

हे ऐकताना मला आपल्याच जिल्ह्यातल्या बायका आठवतात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्या ढिवर समाजातल्या सोबतिणींनी मामा तलावांसाठी केलेलं काम तुम्ही वाचलं असेल. तलावात बेशरम माजली होती, देशी मासे कमी झाले होते. या बायकांनी नुसती मासळीची बोटुकली सोडली नाहीत. आधी बेशरम उपटली, तलावाच्या पात्रात इथल्याच पाणवनस्पती लावल्या. वनस्पती आल्या की माशांना अन्न मिळतं, अंडी घालायला जागा मिळते. साठ लिटर असो की साठ एकर, नियम तोच. आधी पाणी सांभाळा, जीव मागून येतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. मुलांनी असलं काही मागितलं तर "काय उपयोग?" म्हणून झिडकारू नका, आणि लाडाने दुसऱ्या दिवशी आणूनही देऊ नका. आधी काम द्या, आणि थांबायला लावा. आमच्या घरात मुलाने पहिल्यांदा पोछा हातात धरला तो या टाकीमुळे! आणि शोकेसमध्ये गोल भांडं असेल, तर मेलेल्या माशाच्या जागी नवा आणण्याआधी एकदा त्या पाण्याचा विचार करा. मी केला नव्हता.

परवा सासूबाई टाकीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. रिकाम्या पाण्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "अजून नाही आला का गा तुझा झिंगा?"

मी म्हटलं, "नाही आई. त्याचं घर अजून पुरतं झालं नाही."