वाकलेल्या पृष्ठावरचे भोवरे

तळोज्याहून एका सद्गृहस्थांचें पत्र आलें आहे. चिरंजीव पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरीं आले. तेथील औद्योगिक वसाहतींत बरी नोकरी सांगून आली असतां ती नाकारून, अतिशीत वायूच्या फुग्यावर भोवरे कसे फिरतात याच्या अभ्यासांत पांच वर्षें घालवूं म्हणतात. “ही विद्या कीं पोरखेळ?” असा पत्रलेखकांचा सवाल आहे. नोकरी घ्यावी कीं सोडावी हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण सवालाचें उत्तर देतां येण्यासारखें आहे.

पाण्यांतील भोवरा आणि डोक्यावरच्या केसांतला भोवरा यांस आपल्या भाषेनें एकच नांव दिलें आहे, व गणितज्ञांसही हें नातें मान्य आहे. सर्वांगावर केस असलेला चेंडू कल्पावा. तो कितीही जपून विंचरला तरी कोठें तरी भोवरा राहतोच. सपाट सतरंजीची लव मात्र सारी एका दिशेस बसवितां येते.

आतां वायूकडे वळूं. १९२४ सालीं सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशकण मोजण्याची नवी रीत दाखविली. ती अणूंस लावून आइन्स्टाइन यांनीं भाकीत केलें कीं, पुरेशा थंडींत वायूचे अणू आपलें वेगळेपण टाकून एकाच स्थितींत येतील. ती थंडी साधण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. कोलोरॅडोंतील प्रयोगांत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या दशलक्षांशाहूनही कमी अंतरावर आणले गेले. असा वायू ढवळला तर त्यांत बारीक भोवरे पडतात, आणि प्रत्येकाचा जोर ठरलेला असतो. रुपया पुरता द्यावा, आणे-पै चालणार नाहींत, असा हा व्यवहार आहे.

सपाट थरांत असला भोवरा एकटाही नांदूं शकतो. तोच थर फुग्यासारखा बंद केला कीं एकट्यास जागा नाहीं. भोवऱ्याभोंवतीं काढलेला फेरा पृष्ठावरून सरकवीत नेला तर पलीकडे तो आवळत जाऊन बिंदूएवढा होतो. प्रवाहाचा हिशेब तेथें जुळावयाचा तर उलट फिरणारा जोडीदार हवाच. पृष्ठ उंचसखल असेल तर आणखी मौज आहे. व्हिटेली व टर्नर यांनीं २००४ सालीं गणितानें दाखविलें कीं, घर्षणावांचून वाहणाऱ्या पातळ थरांतील भोवरा, उजवा असो वा डावा, टेंकाडाच्या माथ्यापासून दूर सरतो व खिंडीसारख्या आकाराकडे ओढला जातो. प्रबळगड व कलावंतिणीचा सुळका यांमधील खिंड पनवेलकरांच्या परिचयाची आहे. आकार तसला समजावा. यांत गुरुत्वाचा कांहीं संबंध नाहीं. केवळ वांक हेंच येथें बळ होऊन बसतें, ही गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटली.

फुगा करणें मात्र कठीण. चुंबकीय पिंजऱ्यांत तो धरूं गेल्यास पृथ्वीवर अणू आपल्या वजनानें तळाशीं सांचतात, आणि फुग्याची वाटी होते. म्हणून नासानें २०१८ सालीं अंतराळस्थानकावर पाठविलेल्या शीत-अणू प्रयोगशाळेंत हे फुगे करून पाहण्यांत आले. वृत्तांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगांत फुगे साधले, त्यांवर भोवरे पाडणें पुढच्यांसाठीं राहिलें.

उपयोग विचारणारांस आम्ही नारायणगांवाजवळील खोडदकडे बोट दाखवूं. तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण स्पंदक तारे न्याहाळते. घड्याळासारखे नेमानें फिरणारे हे तारे एखादे वेळीं एकाएकीं किंचित् जलद होतात. पोटांतील घर्षणरहित द्रव्याचे असंख्य भोवरे कवचांत अडकून राहतात व एकदम सुटतात, असें त्याचें कारण पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. तारा कांहीं प्रयोगशाळेंत आणतां येत नाहीं. फुग्यावर हात चालवितां येतो.

तेव्हां पोरखेळ खास नव्हे. पगाराची हमी मात्र आम्ही देऊं शकत नाहीं, आणि चिरंजिवांनींही ती देऊं नये. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत अतिशीत अणूंवर प्रयोग चालतात. परवानगी काढून पितापुत्रांनीं मिळून एकदां ते पाहून यावेत. तळोज्याहून एका दिवसाचें काम आहे.