शाल-श्रीफळापलीकडचा सत्कार

सांगोल्यापासून समुद्र दूर. माण नदीचे पात्रही वर्षातील बहुतेक महिने कोरडेच. तरीही या दुष्काळी टापूतील मुले नौदलात जातात आणि 15-20 वर्षे चाकरी करून ऐन उमेदीत गावी परततात. त्यांतील काही जण शाळा-महाविद्यालयांत किंवा भरतीपूर्व वर्गांत मुलांचे निदेशक होतात. तेथूनही निवृत्तीची वेळ आली म्हणजे आपण त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप देतो. अशा समारंभांना आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या कामासाठी सत्कार होतो त्या कामाची समाजाने कोणती व्यवस्था लावली आहे, हा प्रश्न तेथे क्वचितच निघतो.

निवृत्त नौसैनिक तरुणांना काय देऊ शकतो, याचे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यातच आहे. 1971 च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविणारे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी 1983 मध्ये निवृत्त झाले आणि पुढे फलटणजवळच्या विंचुर्णी या खेड्यात राहिले. भारतीय नाविकाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले व मे 2010 मध्ये परतले. दोंदे यांना किनाऱ्यावरून साहाय्य करणारे अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा करून आले. पुढे दोंदे यांनी सहा महिला अधिकाऱ्यांना तयार केले. ‘तारिणी’ नौकेतून त्यांनी मे 2018 मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली. आवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात निवर्तले. 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ‘तारिणी’ घेऊन जगाला वळसा घालून आल्या. त्यांना शिकविणारे टॉमी तोवर स्वतः निवृत्त झालेले होते.

अर्थात, आवटी हे पदाने मोठे होते; दिल्लीपर्यंत त्यांचा शब्द पोहोचत असे. साध्या खलाशाच्या मागे असे वजन नसते. पण कसब त्याच्याजवळही असते. डिझेल इंजिन, विजेची यंत्रणा, आग विझविणे, प्रथमोपचार, पोहणे: हे सर्व त्याला सार्वजनिक पैशातून शिकविलेले असते. तोच मनुष्य पुढे एखाद्या बँकेच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहतो, तेव्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो भांडवलाचा अपव्यय वाटल्यावाचून राहत नाही. निदेशक झालाच, तर आपण त्याच्या हाती शिट्टी देतो आणि 26 जानेवारीचे संचलन बसवून घेतो.

वास्तविक आमच्या तालुक्यात त्याची गरज निराळ्याच ठिकाणी आहे. डाळिंबाच्या बागांसाठी येथे शेततळी झाली. त्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत पडलेल्याला, मग तो पोहणारा का असेना, काठ चढून येता येत नाही. नदीला पाणी नाही म्हणून मुले पोहायला शिकत नाहीत, आणि शेतात पाणी आले म्हणून बुडतात. पोहणे, दोर टाकून माणूस बाहेर काढणे, त्याचा श्वास सुरू करणे हे शिकविणारा अनुभवी माणूस गावातच असतो; शाळेच्या हजेरीपटावर मात त्याचे नाव नसते.

जून 2025 मध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचे व त्यासाठी माजी सैनिकांचे साहाय्य घेण्याचे जाहीर केले. पहिलीच्या मुलाने कदमताल शिकावा याचा मला फारसा उत्साह नाही. परंतु माजी सैनिक शाळेत येणार असतील तर ते कोणत्या वेतनावर, हे विचारले पाहिजे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची पिढीच्या पिढी आम्ही महाविद्यालयांत पाहत आहोत. त्याच पंगतीत निदेशकाला बसवावयाचे असेल, तर चांगला माणूस टिकणार नाही.

हा प्रश्न लांबणीवर टाकण्याजोगाही नाही. 2022 च्या अग्निपथ योजनेच्या मूळ नियमानुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांनाच कायम सेवेत घ्यावयाचे आहे. नौदलाच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. विशीतच परतणाऱ्या या मुलांना निवृत्तिवेतन नाही. निदेशकाची पदे, त्यांची वेतनश्रेणी आणि पोहण्यापासून इंजिन-दुरुस्तीपर्यंतचा अभ्यासक्रम यांचा आराखडा शासनाने त्यापूर्वी विधिमंडळासमोर ठेवावा.