भिंतीतली शेगडी आणि परसातला बंब

बालाजीची यात्रा उरकली, पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला की देऊळगाव राजात थंडीच्या गप्पा सुरू होतात. नवं घर बांधणाऱ्यांच्या गप्पांत अलीकडे एक भर पडू लागली आहे. कॅनडात किंवा अमेरिकेत नोकरीला असलेला कुणाचा तरी मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, हॉलच्या भिंतीत लाकडावरची बंदिस्त शेगडी बसवून घ्या. पुढे काच असते, धूर घरात येत नाही. आमच्याकडे चालते, तिकडे का चालणार नाही?"

त्या शेगडीशी माझं भांडण नाही. तिकडच्या जुन्या घरांत भिंतीत उघडी आगटी असते. तिची बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. म्हणून त्या पोकळीत लोखंडी पेटी बसवली जाते. तिला काचेचं दार, हवा कमीजास्त करायची खिट्टी आणि स्वतंत्र नळी असते. मग निम्म्याहून पुष्कळ जास्त उष्णता खोलीला मिळते. अमेरिकेत तर मे 2020 पासून विकल्या जाणाऱ्या अशा नव्या शेगड्यांना तासाला साधारण 2 ग्रॅम धूरकणांची मर्यादा आहे. पारा उणे वीसवर जातो तिथे हा विचार रास्तच आहे.

आपल्याकडे डिसेंबरात पहाटे बोचरी थंडी असते आणि दुपारी सदरा अंगाला चिकटतो. दिवसभर भिंत उन्हात तापते. रात्री नऊपर्यंत दार उघडंच, कारण येणारंजाणारं कुणी ना कुणी असतंच. अशा खोलीला हवी असते पहाटेची तासाभराची थोडीशी ऊब, आणि ती पेटी तर चार-पाच किलोवॉटच्या हिशेबाने बांधलेली. पेटवली की थोड्याच वेळात बसवेना. मग हवेची खिट्टी आवळायची. हवा तुटली की लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि नळीत आतून डांबरासारखा थर धरतो. तो थर पेटला की आग थेट नळीत. म्हणजे गरजेपेक्षा मोठी शेगडी घेणाऱ्याला ती मंद चालवावी लागते, आणि मंद चालवणं हाच तिचा सर्वांत घाणेरडा वापर. "हौस आहे, कधीतरी पेटवू," म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं. हौसेला माझी हरकत नाही. मात्र तिला 'घर गरम ठेवण्याची सोय' म्हणू नये. घर उबदारच हवं असेल तर आजोबांचं धाब्याचं घर आठवा. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवत. त्यांच्या जागी स्लॅब आणि पत्रे आपणच आणले.

मग थंडीत तापवायचं काय? आंघोळीचं पाणी. हिशेब साधा आहे. वीस लिटरची बादली चोवीस अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. हीच उष्णता तत्त्वतः सव्वाशे-दीडशे ग्रॅम वाळक्या लाकडात असते. निम्म्याहून जास्त वाया गेली तरी पावशेर-अर्धा किलोत काम होतं. तीन दगडांच्या चुलीवर यापेक्षा पुष्कळ जास्त जळण जातं. पाणी तापवायच्या परसातल्या बंबात मात्र मधल्या नळीतून जाळ वर चढतो आणि पाणी त्या नळीभोवती असतं, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. शास्त्राचं नावही न घेता आपल्या तांबटांनी ही बंदिस्त शेगडी कधीच बनवली होती.

यावर म्हणतील, "आता गॅसचा गिझर आहे, बंब कोण फुंकत बसणार?" ज्याचा स्लॅब मोकळा आहे त्याने सौर बंब बसवावा, मी अडवणार नाही. पण गॅस गिझर हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात लावला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट ओढीने चिकटतो. पुण्या-मुंबईत अशा न्हाणीघरांतले मृत्यू बातम्यांत येऊन गेले आहेत. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार बंद करून झोपणं हा तोच प्रकार, आणि तो तर आपण 'जुना उपाय' म्हणून बिनधास्त करतो. बंब मात्र परसात, मोकळ्या हवेत असतो.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती शेतकऱ्याने मांडली तर मी ऐकून घेतो. बंबात जळते पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी खातं सांगत आलं आहे की वेचणी संपली की पऱ्हाटी उपटा आणि बांधावर ढीग लावून ठेवू नका. तिच्यावर राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत टिकते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन उडते. म्हणून जळणाचा मोह सोडा, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. अळीला हवी असते वर्षभर पडून राहिलेली गंजी. बोंडं आधीच तोडून नष्ट केली, काड्या तोडून उन्हात वाळवल्या आणि थंडीतच बंबात घालून संपवल्या, तर कीडही जाते आणि पाणीही तापतं. पावसाळ्यासाठी ठेवायचंच असेल तर तुराट्या ठेवा.

तर बंब निवडताना बघायचं ते हे. नळी रुंद हवी, म्हणजे काजळीने चोंदणार नाही. खालची जाळी सुटी निघणारी हवी, राख रोज झाडता आली पाहिजे. धुराडं शेजाऱ्याच्या खिडकीच्या वर गेलं पाहिजे. शेजारणीच्या वाळत घातलेल्या पातळाला रोज धुराचा वास येऊ लागला तर बंब कितीही चांगला असो, तिथे टिकणार नाही. 1980च्या दशकात सुरू झालेल्या आणि 2002 मध्ये बंद पडलेल्या निर्धूर चुलींच्या सरकारी मोहिमेतही अनेक घरांत चूल अशीच टिकली नाही. चूल फुकट किंवा स्वस्तात मिळाली, पण नळी साफ करायची कुणी, हे घरात ठरलंच नाही.