तहसीनची तहसील कोणी केली?

गेल्या वर्षी शाळेत वक्तृत्व स्पर्धेची प्रमाणपत्रं वाटली. पहिला नंबर तहसीनचा. प्रमाणपत्र घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, मी तहसील झाले!" सगळा वर्ग हसला, तीही हसली. कागदावर खरोखरच 'तहसील' छापलं होतं. तिच्या मागच्या बाकावरच्या शमाची 'क्षमा' झाली होती.

चौकशी केली. यादी टाइप केल्यावर नावांखाली लाल रेघा आल्या. टाइप करणाऱ्यानं संगणकानं सुचवलेला पहिला शब्द निवडला आणि 'चेंज ऑल' दाबलं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, संगणकच चूक दाखवतोय, मी काय करणार?"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी शब्दच पाहू. तहसीन म्हणजे वाखाणणी, तहसील म्हणजे वसुली. दोन्ही शब्द अरबी. एक महसुलाच्या दप्तरातून मराठीत आला, दुसरा आमच्या पाळण्यातून. दप्तरातला संगणकाला माहीत आहे, पाळण्यातला नाही. अर्ज, वकील, हजर, मुदत, जामीन या शब्दांखाली रेघ येत नाही. म्हणजे "परकी नावं आहेत, संगणक तरी काय करणार" हा युक्तिवाद टिकत नाही. परकेपणाचा प्रश्न असता तर निम्मी कचेरी लाल झाली असती.

लाल रेघेचा अर्थ एवढाच की, हा शब्द माझ्या यादीत नाही. तो चुकीचा आहे असं ती सांगत नाही. यादी माणसं करतात, आणि यादीत काय घ्यायचं हे प्रत्येक काळात माणसांनीच ठरवलं आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, त्यानं फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९२५ साली माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश आला, त्यानं मराठीतल्या फारसी शब्दांची नोंद केली. दोन्ही कामं कोणीतरी बसून केली, म्हणून झाली.

आता आपल्या लोकांकडे वळते. हा किस्सा सांगितला की आपल्यातले काही जण लगेच म्हणतात, "मुद्दाम करतात हो." मला हे पटत नाही. माझ्याच यादीत आदिवासी पाड्यावरच्या मुलांच्या नावांखालीही रेघा होत्या. छापील मजकुरात जे कमी दिसतं ते यादीत कमी येतं. रागावून रेघ जात नाही. ती घालवायची सोय त्याच संगणकात आहे आणि आपण ती वापरत नाही. त्या दिवसापर्यंत मीही वापरली नव्हती. वीस वर्षं पोरांचे नुक्ते तपासणाऱ्या बाईनं स्वतःच्या शाळेची नावं एकदाही संगणकाला शिकवली नव्हती.

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि मग कस्टम डिक्शनरीज असा रस्ता आहे. तिथे आपल्या शब्दांची वेगळी यादी ठेवता येते. शब्द घालूनही रेघ जात नसेल, तर माझ्या अनुभवात कारणं ठरलेली असतात.

पहिलं, मजकुराची भाषा. लिपी देवनागरी असली तरी मजकुरावर हिंदीची खूण असेल, तर मराठी शब्द हिंदीच्या यादीशी ताडले जातात. मजकूर निवडून भाषा मराठी करा. लिबरऑफिसमध्ये देवनागरी आणि उर्दू दोन्ही एकाच 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' गटात येतात, त्यामुळे दोन भाषांच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक परिच्छेदाची भाषा वेगळी सांगावी लागते.

दुसरं, यादीसमोरची खूण. यादी निवडलेली नसेल किंवा तिच्यावर दुसऱ्याच भाषेचं बंधन असेल, तर ती असून नसल्यासारखी. तिथेच जवळ 'सजेस्ट फ्रॉम मेन डिक्शनरी ओन्ली' असा पर्याय असतो. त्यावर खूण असली तर आपल्या यादीतले शब्द कधीच सुचवले जात नाहीत.

तिसरं, दिसायला एक आणि आतून दोन. नुक्त्याचा ज़ दोन प्रकारे टाइप होतो, एक सबंध अक्षर म्हणून किंवा ज आणि त्याखाली वेगळा नुक्ता. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसू शकतो. उर्दूत अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' यांचंही तसंच. मराठी लेखनात आपण नुक्ता देत नाही, तर यादीतही देऊ नका.

चौथं, विभक्ती. यादीत 'तहसीन' घातलं म्हणजे 'तहसीनला', 'तहसीनने', 'तहसीनच्या' आपोआप येत नाहीत. तीही घालावी लागतात. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलं असेल, तर तपासणीचा भरवसाच धरू नका. तिथे संगणकाला मराठी अक्षरं दिसतच नाहीत.

ही यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल असते, एका ओळीत एक शब्द. पण ती त्या एकाच संगणकावर राहते. माझ्या घरी तहसीन शुद्ध, शाळेच्या ऑफिसात अशुद्ध! म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ऑफिसच्या संगणकावर जोडली. शेजारच्या शाळेलाही दिली. त्यांच्याकडची नावं त्यांनी तिच्यात घातली.

एक वाद मात्र आपल्यातच होणार. महंमद, मोहम्मद की मुहम्मद? माझं उत्तर सरळ आहे. ज्याचं नाव, त्याचं लेखन. शाळेच्या जनरल रजिस्टरात जे आहे ते खरं. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहून गेले, तिथे कोणी त्यांचं नाव सुधारायला बसू नये. यादीत तिन्ही रूपं घाला. पण घाईत चुकीचं नाव 'अ‍ॅड' केलं तर संगणक तीच चूक बरोबर धरतो, म्हणून यादी अधूनमधून वाचत जा.

ज्यांना हे सगळं नको असेल त्यांनी निदान एक करावं. माणसांच्या नावांच्या यादीवर 'चेंज ऑल' दाबू नये. प्रमाणपत्रावरची चूक हसण्यावारी गेली. तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेली असती, तर तहसीनचे अब्बा मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्र करायला धावले असते, तेही तहसील कचेरीतच.

तिला नवीन प्रमाणपत्र दिलं. जुनं परत मागितलं तर म्हणाली, "टीचर, राहू दे ना माझ्याकडे." ठेव म्हटलं. ऑफिसातल्या गृहस्थांनी आता नवी यादी छापण्याआधी जनरल रजिस्टर मागवायला सुरुवात केली आहे.