पाऱ्याची परतवाट

ट्यूबलाइट, सीएफएल दिवा, ताप मोजायचा जुना थर्मामीटर आणि रक्तदाबाचे उभ्या नळीचे यंत्र या चारही वस्तू पाऱ्यावर चालतात. ट्यूबमधून वीज गेली की आतल्या पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी त्यांचा उजेड करते. सीएफएलमध्ये पारा जेमतेम काही मिलिग्रॅम असतो, थर्मामीटरमध्ये अर्धा ते दीड ग्रॅम, तर रक्तदाबाच्या यंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास. वस्तू शाबूत असेपर्यंत धोका नसतो. तो सुरू होतो ती फुटल्यावर.

पारा साध्या हवेतही उडतो. त्याची वाफ श्वासातून रक्तात जाते, मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करते. गर्भाला आणि लहान मुलांना ती सर्वाधिक बाधते. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांच्या अंगात साठत जाते. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली उघडकीस आलेला आजार याच विषाचा होता. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा तालुक्यांतही ओढ्या-नद्यांतले मासे रोजच्या जेवणात असतात. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईकर पितात. त्यामुळे इथल्या पाण्याची काळजी पाड्यावरच्या घराइतकीच महानगराचीही आहे.

पाऱ्यावरचा जागतिक करार मिनामाताच्याच नावाने 2013 साली झाला आणि 16 ऑगस्ट 2017 पासून लागू झाला. भारताने त्याला 2018 मध्ये मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर व रक्तदाबयंत्रे बनवणे थांबवण्यासाठी करारात 2020 हे वर्ष ठरले. पुढील बैठकांत सीएफएलसाठी 2025 आणि सर्वसाधारण वापराच्या ट्यूबलाइटसाठी 2027 ही मुदत घालण्यात आली. उत्पादन थांबले तरी घरोघरी, आश्रमशाळांत आणि आरोग्य केंद्रांत असलेला जुना साठा उरतोच.

त्या साठ्यासाठी देशात दोन नियम महत्त्वाचे ठरले. 2016 च्या ई-कचरा नियमांनी पाऱ्याचे दिवे आपल्या कक्षेत आणले. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून ठरावीक हिस्सा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांमार्फत हाताळून घ्यायचा असतो. हा हिस्सा सुरुवातीला 60 टक्के होता, 2025-26 पासून 70 आणि 2027-28 पासून 80 टक्के ठरला आहे. दुसरा नियम 2016 च्या घनकचरा व्यवस्थापनाचा, जो 2026 पर्यंत लागू होता. त्यात सीएफएल आणि फुटके थर्मामीटर घातक घरगुती कचऱ्यात मोडत होते. नागरिकांनी तो वेगळा ठेवायचा आणि नगरसंस्थेने दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान क्षेत्राला एक जमा केंद्र उघडायचे, असे त्यात म्हटले होते.

म्हणजे जव्हार नगरपरिषद आणि मोखाडा नगरपंचायत यांच्या हद्दीत प्रत्येकी निदान एक केंद्र हवेच होते. अडचण त्यापलीकडची होती. 2016 चे घनकचरा नियम नागरी क्षेत्रे आणि जनगणना शहरे यांच्यासाठी लिहिलेले होते, आणि या दोन तालुक्यांची बहुतेक वस्ती खेड्यांत व पाड्यांत आहे. ई-कचरा नियमांतली सक्ती मुख्यतः उत्पादकांवर आणि हजार किंवा त्याहून अधिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांवर आहे. त्यांत एकट्या घरावर नेमकी जबाबदारी येत नाही. भंगारात ट्यूबला भाव नसतो, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ती उकिरड्यावर जाते आणि तिथे फुटते.

ट्यूब किंवा थर्मामीटर घरात फुटला तर मुलांना आणि गुरांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोली मोकळी ठेवावी. केरसुणी फिरवू नये, कारण तिने पाऱ्याचे थेंब बारीक होऊन सारवलेल्या जमिनीच्या भेगांत शिरतात. जाड कागदाने थेंब एकत्र लोटावेत, भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. पारा तळहातावर खेळवू नये, चुलीत टाकू नये.

ही बरणी नेण्यासाठी ठिकाण लागते. प्राथमिक आरोग्य केंद्र, आश्रमशाळा आणि आठवडी बाजार ही तीन ठिकाणे प्रत्येक पाड्याला ठाऊक आहेत. तिथे झाकणाची पेटी ठेवावी, ती नगरपरिषदेच्या जमा केंद्रात रिकामी व्हावी आणि तिथून पुढची वाहतूक उत्पादकांच्या खर्चाने व्हावी. दिवे विकून कमाई करणाऱ्याने ते परतही न्यावेत, हे नव्या ई-कचरा नियमांमागचे तत्त्वच आहे. ग्रामसभांनी ठराव करून ही मागणी जिल्हा परिषदेपुढे ठेवली, तर कायदा पाड्यापर्यंत पोहोचायला सुरुवात होईल.